गुणगुण कुठून येते

व्याकरणाच्या तासाला अभ्यस्त शब्द शिकवताना अनुकरणवाचकांचा प्रकार आपण बहुधा शेवटी घेतो आणि घाईने उरकतो. किरकिर, खरखर, गुणगुण, सरसर, घरघर अशी आठदहा उदाहरणे फळ्यावर लिहिली की विद्यार्थीही पुढची आपोआप सांगू लागतात. या शब्दांत आवाजाची नक्कल असते, विचार नसतो, असा काहीसा समज त्या घाईमागे असावा. लोकगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर काम करताना घरगुती बनावटीच्या एका माइक-प्रीअँप्लिफायरचा बिघाड शोधण्याची वेळ आमच्यावर आली, तेव्हा हेच शब्द रोगनिदानाची परिभाषा म्हणून वापरले जाताना मी ऐकले. त्या शोधाचा आमच्या संपादनावर जो परिणाम झाला तो साहित्याच्या अभ्यासकांना विचार करण्याजोगा वाटेल, म्हणून हे टिपण.

प्रथम हे यंत्र काय करते ते सांगितले पाहिजे. साध्या डायनॅमिक माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि आवाजाबरहुकूम वीज निर्माण होते. ही वीज फार थोडी. माणूस हातभर अंतरावर बसून गात असेल तर ती एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग, एवढीही अनेकदा भरत नाही. टेपरेकॉर्डरला मात्र तिच्या कित्येक शेकडो पट वीज लागते. ही मधली चढण प्रीअँप्लिफायर पार करून देतो. पण त्याला आपपर भाव ठाऊक नाही. गाणारीचा आवाज ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात त्या वाटेवर शिरलेली इतर प्रत्येक गोष्ट वाढते. हॅराल्ड फ्रीस या अभियंत्याने १९४४ साली हे गणिताने मांडले. वर्धनाचे टप्पे एकामागून एक जोडलेले असतील तर साऱ्या साखळीची गुणवत्ता मुख्यत्वे पहिल्या टप्प्यातल्या गोंगाटावर ठरते, कारण पुढचे सगळे टप्पे त्याच गोंगाटाला मोठे करत जातात.

आमच्या विभागातली पेटी १९९३ मधली. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ती घरच्या टेबलावर, बाजारातून सुटे भाग आणून तयार केली होती. कॅसेट रेकॉर्डरच्या अंगच्या माइकवर मुद्रण केले की गाण्याबरोबर त्याच्या मोटरचा आवाजही फितीवर उतरतो, तो टाळण्यासाठी हा खटाटोप होता. विभागातील तेव्हाच्या ज्येष्ठ शिक्षकांनी ही पेटी घेऊन १९९४ ते १९९८ या काळात कृष्णाकाठच्या एका खेड्यातील एकाच गायिकेच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. सतरा कॅसेटी भरल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या, हे वाचकांना माहीत असेलच. त्या अफाट कामापुढे आमचा संग्रह अगदी लहान. मात्र एकच बाई, तेच जाते आणि पाच वर्षे, हे त्याचे वेगळेपण.

पेटी बनवणारे प्राध्यापक २०११ साली वारले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात विभागाच्या कपाटात पाणी शिरले. कॅसेटी धुऊन, सुकवून वाचवता आल्या, पण बहुतेकींवरच्या चिठ्ठ्या विरघळून गेल्या. सतरांपैकी फक्त चार कॅसेटींवरच्या तारखा वाचता येत होत्या. २०२२ साली हा संग्रह संगणकावर उतरवायला घेतला तेव्हा सर्वच कॅसेटींत गाण्याखाली एक सलग गुणगुण ऐकू आली. काहींवर ती पुसट होती, काहींवर इतकी की ओवीचे शेवटचे अक्षर तिच्यात बुडावे. ध्वनिसंस्करणाचे काम करणाऱ्या एका तरुणाने ही गुणगुण एका दिवसात पुसून देण्याची तयारी दाखवली आणि विभागात बहुतेकांचा कल तिकडेच होता. मला मात्र आधी दोन प्रश्नांची उत्तरे हवी होती. हा आवाज आत्ताच्या उतरवण्यात शिरतो आहे की मुळात फितीवर आहे? आणि फितीवर असेल तर तेथे तो आला कुठून?

पहिल्याचे उत्तर लगेच मिळाले. फितीच्या कोऱ्या भागावर फक्त बारीक सळसळ होती. मुद्रण सुरू होताच गुणगुण सुरू होई आणि मुद्रणाबरोबर थांबे. म्हणजे ती त्या वेळचीच. दुसऱ्या उत्तरासाठी पेटी उघडावी लागली.

एस.टी. स्थानकाजवळ चाळीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवून आता घरी असलेले एक काका या कामाला मिळाले. पेटी चालू करून त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि पहिला आक्षेप माझ्या शब्दावर घेतला. “नुसतं गुणगुण म्हणून भागत नाही, मॅडम. घूं दोन तऱ्हेचा असतो. कुठला ते आधी ऐकू द्या.” त्यांच्या परिभाषेत प्रत्येक आवाजाला स्वतंत्र घर होते. घूं असेल तर वीजपुरवठ्याकडे नाहीतर अर्थिंगकडे पाहायचे. खरखर असेल तर सुटलेला सोल्डर, गंजलेली पिन किंवा झिजलेले व्हॉल्यूम. फटफट असेल तर पुढच्या टप्प्यातला आवाज पुरवठ्याच्या वाटेने मागे फिरून पहिल्यात शिरतो आहे. सलग फुसफुस असेल तर पहिला ट्रान्झिस्टर थकला असण्याची शक्यता. वैद्याने खोकला कोरडा की ओला हे विचारावे तसे हे होते.

घूं दोन तऱ्हेचा का, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलते. भोवतालच्या तारांतून ती माइकच्या वाटेत शिरली तर ५० आवर्तनांचा आवाज येतो. यंत्राला मात्र एकाच दिशेची वीज लागते. त्यासाठी चार डायोडच्या पुलावरून जाताना प्रत्येक आंदोलनाचा खालचा अर्धा भाग उलटून वर येतो आणि सेकंदाला १०० उसळ्या तयार होतात. या उसळ्या पुढे कपॅसिटर सपाट करतात. ते नीट सपाट झाले नाहीत तर १०० आवर्तनांचा आवाज येतो. ५० आणि १०० यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे, त्यामुळे गाणे ऐकणाऱ्या कानाला ते ओळखता येते. काकांनी आकडे सांगितले नाहीत. त्यांनी माइकच्या खोबणीतल्या पिनेला बोट लावले. अंगातून शिरलेला जाडसर घूं ऐकू आला. बोट काढले तेव्हा पेटीचा स्वतःचा घूं राहिला, तो नेमका एक सप्तक वर होता. “हा बाहेरचा न्हाई. घरातलाच हाय,” ते म्हणाले.

पुढचा शोध क्रमाने चालला. माइक काढून टाकला, घूं तसाच. म्हणजे माइक आणि त्याची केबल सुटली. माइकच्या वाटेची दोन टोके तारेने एकमेकांना जोडून टाकली, तरी घूं तसाच. म्हणजे तो या दारातून येत नव्हता. आवाजाची कळ पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे होती. ती पूर्ण उतरवली तेव्हा घूं थांबला. म्हणजे दुसरा टप्पा आणि त्यापुढचे सारे निर्दोष, रोग पहिल्या टप्प्यात. शेवटी पहिल्या टप्प्याचा वीजपुरवठा तोडून त्याला ९ व्होल्टची बॅटरी लावली. पेटी शांत झाली. चार चाचण्यांत संशयाचे क्षेत्र साऱ्या यंत्रावरून बोटभर जागेवर आले होते, आणि तोवर एकही भाग बदललेला नव्हता. “आवाज येतोय कुठं ते बघून उपयोग न्हाई,” काका म्हणाले, “येतोय कुठनं ते बघायचं.”

पेटीचा नकाशा कुठेही नव्हता. तो उलट्या दिशेने, म्हणजे प्रत्यक्ष जोडणी पाहून, दोन संध्याकाळी बसून मी कागदावर उतरवला. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचणे ही लिपी शिकण्यासारखीच गोष्ट आहे. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे १० हजार ओहम. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४,७००. वाचता वाचता बनवणाऱ्याचा हात ओळखू येऊ लागला. सगळ्या रेझिस्टरांचे सोनेरी पट्टे त्यांनी एकाच बाजूला ठेवले होते, पुढे कोणाला तरी हे वाचावे लागेल याची जाणीव असल्यासारखे.

एका ठिकाणी मात्र अडलो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या पायांशी, पट्टीच्या खालच्या अंगाने, एक चपटा कपॅसिटर लावलेला होता. त्यावर १०१ हा आकडा होता, म्हणजे दहापुढे एक शून्य, १०० पिकोफॅरड. मदतीला आलेल्या प्रयोगशाळा-सहायकाचे म्हणणे, हा मागाहून कोणीतरी चिकटवलेला, बिनकामाचा भाग आहे, काढून टाकू. काकांनी तो काढला नाही. त्याचा एक पाय तेवढा सोडवून पाहिला, आणि हेडफोनमध्ये अगदी बारीक पण स्पष्ट माणसाचे बोलणे ऐकू आले. परिसरातल्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाच्या बातम्या होत्या त्या. माइकची लांब केबल आकाशातारेचे काम करत होती आणि पहिला ट्रान्झिस्टर नकळत रेडिओ बनला होता. पाय पुन्हा जोडल्यावर बातम्या बंद. पाठचिकित्सेत एक जुना संकेत आहे की दोन पाठांपैकी अवघड वाटणारा पाठ सहसा अधिक विश्वसनीय मानावा, कारण नकलकार सोप्याचे अवघड करत नाही, अवघडाचे सोपे करतो. तो संकेत मी अनेक वर्षे शिकवते आहे. तो सोल्डरच्या धुरात भेटेल असे वाटले नव्हते.

मूळ दोष सापडला तो पहिल्या टप्प्याला वीज पुरवणाऱ्या वाटेवरच्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. या प्रकारच्या कपॅसिटरात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या मधे द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेने तो द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि उसळ्या सपाट करण्याची शक्ती कमी होत जाते. आमच्या पेटीत तो तापणाऱ्या एका रेझिस्टरला खेटून बसला होता. पेटी बंद करून त्याच्या दोन्ही पायांवर एक चांगला कपॅसिटर तात्पुरता जोडला आणि पेटी चालू केली. घूं नाहीसा झाला. राहिली ती फक्त अगदी मंद फुसफुस. तिच्यावर इलाज नाही. जे. बी. जॉन्सन यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार कोणताही रेझिस्टर, कितीही निर्दोष असला तरी, केवळ त्याच्या उष्णतेमुळे आवाज करतोच. माइकच्या वेटोळ्याइतक्या, म्हणजे सुमारे २०० ओहमच्या रोधातून साध्या तपमानाला एका व्होल्टच्या दशलक्षांशाचा पाव भाग एवढा गोंगाट कायम निघत असतो. तो बिघाड मानता येत नाही.

दुरुस्ती येथे संपली. माझ्या मनात मात्र काकांचे एक वाक्य राहिले: “ह्यो एका दिवसात न्हाई सुकत.” कपॅसिटर जर हळूहळू सुकत गेला असेल तर गुणगुणही हळूहळू वाढत गेली असली पाहिजे. मग तारीख वाचता येणाऱ्या चार कॅसेटी काढल्या. जानेवारी १९९४, नोव्हेंबर १९९५, फेब्रुवारी १९९७, डिसेंबर १९९८. संगणकावर प्रत्येकीतल्या १०० आवर्तनांच्या आवाजाची गायिकेच्या आवाजाशी तुलना केली. आवाजाची कळ दोन टप्प्यांच्या मधे असल्याने ती कमीजास्त केली तरी गाणे आणि घूं दोन्ही सारखेच बदलतात, त्यांचे परस्परप्रमाण तेच राहते. चारही कॅसेटींत ते प्रमाण तारखेच्या क्रमाने वाढत गेलेले आढळले. उरलेल्या तेरा कॅसेटी या चार खुणांच्या मधे लावता आल्या. तारीख सांगता येईल असे नव्हे, पण आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे बहुतेकींबाबत ठरवता आले.

याचे महत्त्व एका ओवीपुरते सांगते. भाऊ बहिणीला न्यायला येतो आहे, त्याची गाडी वळणावर दिसते, अशा आशयाची एक ओवी सहा कॅसेटींवर आहे. चार ठिकाणी क्रियापद आहे ‘दिसतो’, दोन ठिकाणी ‘दिसायचा’. संपादनाच्या कच्च्या खर्ड्यात ‘दिसतो’ हा पाठ स्वीकारला होता आणि ‘दिसायचा’ तळटीपेत गेला होता, शेजारी शेरा होता: वयपरत्वे विस्मरण, लयभंग. लय खरोखरच अडखळते. लांबलेला शब्द जात्याच्या एका फेऱ्यात बसवण्यासाठी बाई घाई करताना ऐकू येते. गुणगुणीच्या क्रमाने लावल्यावर दिसले की ‘दिसतो’च्या चारही कॅसेटी आधीच्या आहेत, ‘दिसायचा’च्या दोन्ही नंतरच्या, आणि बदल १९९५ चा नोव्हेंबर आणि १९९७ ची फेब्रुवारी यांच्या मधे केव्हातरी झाला आहे.

गायिका आज्जी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. भेटायला गेले. भावाविषयी विचारले तेव्हा म्हणाल्या, थोरल्या नातीचे बारसे झाले त्याच्या आदल्या दिवाळीत तो गेला. नातीचा जन्म १९९७ चा. मग ती ओवी त्यांना ऐकवली आणि शब्द का बदलला ते विचारले. त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. “गेलेल्या माणसाला ‘दिसतो’ कसं म्हणायचं, बाई?”

जात्यावर बसले की ओवी सुचते, अशी म्हण आपल्याकडे आहे. सुचण्याबरोबर ती बदलतेही, आणि बदलताना कधी कधी लय मोडून बदलते. लयीपेक्षा खरे बोलणे त्या बाईला अधिक महत्त्वाचे वाटले होते. गुणगुण आधीच पुसली असती तर कॅसेटींचा क्रम लागला नसता, आणि क्रमावाचून ‘दिसायचा’ हे विस्मरणच राहिले असते. आणखी एक गोष्ट. त्या तरुणाने नमुना म्हणून साफ करून दिलेल्या तुकड्यात घूं खरोखरच नव्हता. पण जात्याची घरघरही त्याच खालच्या पट्टीत असल्याने तीही विरळ झाली होती. जाते फिरते आहे हे कळेना, त्यामुळे एका फेऱ्यात शब्द बसवण्याची घाईही कळेना. गाणे ऐकू येत होते, कष्ट ऐकू येत नव्हते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना यात नवे काही नाही. दोन प्रतींत एकच चूक आढळली तर त्या एका कुळातल्या असाव्यात, हा पाठचिकित्सेचा पाया आहे. चुका साक्षीदार असतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठही जपलेले आहेत ते याचमुळे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिच्यावाचून पुढच्या पिढ्यांचे वाचन अवघड झाले असते. तरीही वि. का. राजवाडे यांना त्या शुद्धीपूर्वीच्या पाठाचा शोध घ्यावासा वाटला आणि त्यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेली जुनी प्रत छापली. वाचकाला शुद्ध प्रत लागते, अभ्यासकाला शुद्धीपूर्वीची. लिखित ग्रंथांबाबत हे आपण मान्य करतो. मौखिक परंपरेच्या ध्वनिमुद्रणांबाबत मात्र ‘साफ करून घेऊ’ हे शब्द अजूनही सहज तोंडी येतात, आणि आता साफ करणे फारच सोपे झाले आहे.

ऐकणाऱ्याच्या सोयीचा मुद्दा मी हलका मानत नाही. वर्गात पन्नास विद्यार्थ्यांना बुडालेली अक्षरे ऐकवून ओवीची गोडी लागणार नाही. म्हणून विभागाने दोन संच करायचे ठरवले. एक फितीवर आहे तसा, गुणगुणीसह, त्याला कोणीही हात लावायचा नाही. दुसरा ऐकण्यासाठी सौम्यपणे साफ केलेला, आणि त्यातून काय काढले, किती काढले याची नोंद सोबत. छापील संहितेत ‘दिसतो’ आणि ‘दिसायचा’ आता तळटीपेत नाहीत. दोन ओव्या म्हणून, क्रमाने, दोन पानांवर आहेत. पेटीत नवा कपॅसिटर बसवला आहे. सुकलेला जुना कपॅसिटर एका पाकिटात घालून, वर ‘१९९३–२०२२’ असे लिहून, कॅसेटींच्या खोक्यात ठेवला आहे.